गोरी चहावाली

३ जून

ती. आत्यास,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पुन्हा कागद. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

सध्या कामावर काय चाललंय ते सांगते. आमच्या संग्रहालयात जुन्या माहितीपटांचे डबे आलेत. सगळे 'पडद्यामागे स्टंट कसे होतात' या छापाचे. ते साफ करायचे, दिसणाऱ्या माणसांखाली ओळी लिहायच्या, आणि शिवाय आमच्या बाईंनी एक तक्ता मागितलाय: या फिल्ममध्ये कोणकोण दिसतं, बाया किती, काळे किती, गोरे किती, कोण काय करताना दिसतं. सात फिल्म पाहिल्या आणि सहा वेळा उठून हात धुवावेसे वाटले. गोऱ्या पोरांना काजळी फासून 'जंगली टोळी' बनवतात आणि ती पोरं कॅमेऱ्यासमोर खिदळत काजळी पुसतात. ज्यांना काजळी लागणारच नाही अशी माणसं तिथेच मागे उभी असतात, गाद्या उचलायला. अंगाला आग लावून घ्यायची वेळ आली की मात्र त्यांना पुढे बोलावतात. निवेदक 'ही धाडसी मंडळी' एवढं म्हणून मोकळा होतो. त्याच फिल्ममध्ये घोड्याचं नाव, वय आणि आवडीनिवडी सांगितल्यात. घोड्याच्या आवडीनिवडी, आत्या!

बाया सातही फिल्ममध्ये मिळून अकरा. चौघी कपडे धरून उभ्या, तिघी पावडर लावताना, दोघी किंचाळताना, एक नायिका खुर्चीत. अकरावी चहा देतेय.

शिसारी न येता पाहवते अशी एकच फिल्म, कारण तिच्यात आपले बाबा आहेत. नायिका तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली खोक्यांच्या ढिगात उडी घेते, धूळ उडते, पाठमोरी नायिका उठते, केसांचा टोप उपटते आणि वळते, तर मिशीसकट बाबा! लग्नाकार्यात ते डोक्यावर टॉवेल घेऊन हीच नक्कल करायचे, आठवतं? सगळे हसून लोळायचे. तू मात्र नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात गेलेली असायचीस. २० ऑगस्टला ही फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत आणि बाबांचा सत्कार आहे. त्यांना नवा टोपसुद्धा आणलाय. तू यायचंच.

सोबत अकराव्या बाईचा फोटो पाठवते. खाली मी लिहिलंय, 'चहा देणारी बाई, गोरी, नाव माहीत नाही'. त्या काळात तू कपडेपटात होतीस ना? चेहरा पाहिल्यासारखा वाटतो. कोण असेल?

तुझी,
भिंगरी

१४ जून

भिंगरीस आशीर्वाद.

फोटो मिळाला. ती मी आहे.

आता पाणी पी आणि पुढचं वाच. गोरी दिसते कारण रंग फासलाय. किटलीत चहा नव्हता. तो फिल्म काढणारा टोपीवाला म्हणाला, बाई नुसती उभी राहिली तर लोक विचारतील ही कोण, हिच्या हातात काहीतरी द्या. कुणीतरी किटली दिली, मी धरली. तुझ्या तक्त्यात दुरुस्ती कर. गोरी नाही आणि चहावाली नाही. एका बाईत दोन चुका, म्हणजे तुझं शाळेतलं गणित अजून टिकून आहे म्हणायचं.

कार्यक्रमाला मी येणार नाही. पाय दुखतो. बाकी काही विचारू नकोस.

आत्या

१९ जून

आत्या,

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. वर्षभर मी लोकांच्या नावाने बोटं मोडतेय, की तुम्ही माणसं नीट पाहिली नाहीत, आणि स्वतःच्या आत्याला मी 'गोरी, नाव माहीत नाही' लिहून मोकळी झाले. फोटो भिंतीवर लावला होता. आठ दिवस तुझ्याकडे बघत डबा खात होते.

पण तुला रंग का फासला होता? तू विचारू नको म्हणालीस, म्हणून बाबांना विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "अगं, ती पण मारायची बारीकसारीक उड्या. त्या दिवशीची तीच मारणार होती. सकाळीच पाय मुरगळला, मग काय, मी चढवला टोप!" तू स्टंट करायचीस? मग कपडेपट? आणि पाय जिन्यावरून पडून मोडला हे मी जन्मापासून ऐकतेय, त्याचं काय?

तेव्हा तुझी संधी हुकली, म्हणून तू टॉवेलच्या नकलेला उठून जायचीस का? आम्ही पोरं तुला खडूस म्हणायचो. मला फार वाईट वाटतंय गं. एवढी मोठी उडी, आणि ऐन दिवशी पाय मुरगळावा!

भिंगरी

२ जुलै

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घालणार होते, पण घरात चूल नाही. संधी हुकली म्हणे! माझी दया करू नकोस, मला तिचा वास सहन होत नाही.

ती उडी माझी आहे. ऐक आता. बेचाळीस वर्षं दाबून ठेवलंय, तू झाकण उडवलंस तर वाफ अंगावर येणारच.

मी नायिकेची डुप्लिकेट होते. चार सिनेमे केले. तिला कोमट पाण्याचीसुद्धा भीती वाटायची, म्हणून ती पोहायची तेही मीच, घोड्यावरून पडायची तीही मीच. फक्त ती गोरी आणि मी तव्याच्या बुडासारखी. त्यामुळे रोज सकाळी दोघीजणी मला रंगवायच्या. हात, पाय, मान, तोंड. तो रंग सुकला की कातडी ओढायची आणि त्याला आंबूस वास यायचा. आजही कुणी भिंतीला चुना लावत असेल तर मी रस्ता बदलते.

त्या दिवशी टोपीवाला आपली पडद्यामागची फिल्म काढायला आला. म्हणाला, आम्ही लोकांना खरं दाखवणार. मी गच्चीच्या कडेला गेले. मी नेहमी टाच दोनदा आपटायची. वस्तादांनी शिकवलेलं, कड कुठे संपते ते डोळ्यांनी बघू नये, टाचेने विचारावं. दोनदा आपटली आणि सोडलं. खोकी नीट रचली नव्हती, डावा पाय दोन खोक्यांच्या मधे गेला आणि घोट्यात काहीतरी काटकीसारखं वाजलं. पण मी उठले. चालत बाहेर आले, टोप काढला आणि हसले. मला वाटलं, आता कॅमेऱ्यात मी दिसणार.

टोप जिथे बसायचा तिथे रंग नव्हता. कपाळाचा वरचा भाग, कान, मानेची मागची बाजू, सगळं माझ्या रंगाचं. बाकीचा चेहरा पांढरा, त्यात घामाचे ओघळ. टोपीवाल्याने डोळ्याला लावलेलं यंत्र बाजूला केलं आणि म्हणाला, "शी! हे दाखवलं तर लोक तिकीटखिडकीवर ओकतील."

मी नाही, तो म्हणाला शी. आपणच रंग फासायचा आणि तो उतरला की आपणच नाक मुरडायचं. मग त्याने समजावून सांगितलं, अगदी गोड आवाजात. नायिकेच्या जागी अशी बाई होती हे दिसलं तर नायिकेचा अपमान होतो. पुरुष दिसला तर लोक हसतात. म्हणून तुझ्या बापाच्या डोक्यावर टोप चढवला. तो तिथेच खोकी रचायला होता. खरं दाखवायला आलेल्या माणसाने डुप्लिकेटचाही डुप्लिकेट उभा केला, आणि तुम्ही तो डब्यात घालून जपता.

पाय प्लास्टरमधून निघाला तेव्हा वाकडा होता. घरी जिना सांगितला, कारण घरी उड्या माहीत नव्हत्या. उड्या गेल्या आणि मग खरोखरच कपडेपट आला. बायांना रंग लावायचं काम पण मिळत होतं, ते मी घेतलं नाही.

तू यात काही करू नकोस. तुझा बाप म्हातारा झालाय. त्याला त्याचा सत्कार घेऊ दे.

आत्या

२४ जुलै

आत्या,

तू काही करू नको म्हणालीस आणि मी केलं. फिल्मच्या डब्यासोबत एक लहान डबा होता, वर खडूने 'टाकाऊ' लिहिलेला. कापून काढलेले तुकडे. चिकटलेले होते, ते सुटे करायला पंधरा दिवस गेले. काल यंत्रावर चढवले.

तू कडेला येतेस. टाच आपटतेस, एकदा, दोनदा. मी ते चौकट-चौकट पुढे करून पाहिलं. मग तू पडतेस, आणि आत्या, मी खुर्चीवरून उठले. मग खोक्यांतून लंगडत बाहेर येतेस, टोप काढतेस, हसतेस. कपाळावर रंगाची ती रेघ आहे. तू बावीस वर्षांची आहेस आणि इतकी सुंदर दिसतेस की मला त्या टोपीवाल्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

पण पुढचं तू लिहिलं नव्हतंस. बाबांच्या डोक्यावर कुणीही टोप चढवलेला नाही. मागून एक हात येतो, मनगटावर घड्याळ उलटं घातलेलं, तबकडी आतल्या बाजूला. बाबा अजून तसंच घालतात. तो हात तुझ्या हातातून टोप हिसकावतो. बाबा तो आपल्या डोक्यावर ठेवतात आणि कमरेवर हात घेऊन ठुमकतात. सगळे हसतात. टोपीवाला बोट फिरवतो, चालू ठेवा. म्हणजे ती कल्पना त्याला बाबांनीच दिली. तुझ्याकडे तेव्हा कुणीही बघत नाहीये. कडेला तू एका पायावर उभी आहेस आणि कुणीतरी तुझ्या डोक्यावर फडकं टाकून, कपाळाची रेघ झाकून, हातात किटली देतंय. माझ्या तक्त्यातली अकरावी बाई मोडक्या घोट्यावर उभी होती.

तुला हे माहीत होतं. तू त्यांना वाचवत आलीस, अगदी मला लिहितानासुद्धा.

मला काल रात्री जेवण गेलं नाही. लहानपणापासून मी ज्या विनोदावर हसले तो आठवला तरी तोंड कडू होतं. हा तुकडा मी फिल्मच्या शेवटी जोडणार आहे. आमच्या बाई हो म्हणाल्या. बाबांना सांगितलं, तर ते बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसले. कुंड्या भरून वाहायला लागल्या तरी घालतच होते.

भिंगरी

१ ऑगस्ट

प्रिय खार हिस,

किती वर्षांनी तुला खार म्हणतोय. झाडावर चढायचीस तेव्हा आपल्या आईने ठेवलेलं नाव. मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल पदरात घे.

पोरगी काय करायला निघालीय ते तुला ठाऊक असेलच. तू सांगितलंस तर ती थांबेल, माझं ऐकत नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. गंमत केली. सगळे गप्प झाले होते, तुझा चेहरा तसा झालेला, मला वाटलं हशा झाला तर तुझ्यावरचं लक्ष उडेल. एका अर्थी तुलाच सांभाळायला गेलो. पुढे ते इतकं गाजेल हे काय मला ठाऊक होतं? मग लोक विचारायला लागले, उडी तुम्हीच मारली ना, आणि एकदा हो म्हटल्यावर मागे कसं फिरायचं?

आता या वयात भर सभागृहात माझं हसं होईल. आपण एका ताटात जेवलो आहोत, तेवढं लक्षात ठेव.

तुझा,
दादा

६ ऑगस्ट

दादा,

हसं बेचाळीस वर्षं होतंच आहे. फक्त ते माझं होतं, म्हणून तुला ऐकू आलं नाही. माझ्या कानांशी तर शूटिंगला बारूद उडाली, म्हणून मी बहिरी, तुझ्या कानांना काय झालं होतं?

सांभाळायचं होतं तर टोप माझ्या डोक्यावर परत ठेवायचास. पायाकडे बघायचंस. दवाखान्यात मला गादीवाल्याने नेलं, ज्याला तुमच्या फिल्ममध्ये नाव नाही. तू तेव्हा दुसऱ्यांदा ठुमकत होतास, कारण पहिल्यांदा उजेड कमी पडला होता.

मी पोरीला थांबवणार नाही. चालव म्हणूनही सांगणार नाही. एका ताटात जेवलो हे खरं आहे, म्हणून तर अजून घशाशी येतं.

खार

२१ ऑगस्ट

आत्या,

काल झालं. जसं झालं तसंच लिहिते, कारण तू साखर लावलेलं वाचणार नाहीस.

सभागृह भरलं होतं. बाबांना आधी मंचावर बोलावलं आणि नवा टोप दिला. मला वाटलं होतं ते घालणार नाहीत. त्यांनी घातला. ठुमकले, उपटला, वाकून नमस्कार केला. लोक लोळले. मग फिल्म. घोडा, काजळी, खिदळणं, सगळं. लोक कौतुकाने हसत होते, 'काय जमाना होता' असं म्हणत. आणि मग शेवटी तुझा तुकडा.

तू पडलीस तेव्हा सगळ्या सभागृहाने श्वास घेतलेला ऐकू आला. टोप निघाला तेव्हा कुणीतरी 'अरे' म्हणालं. घड्याळवाला हात आला, आणि नंतर कुणीही हसलं नाही. एका पायावरची तू, किटली, आणि पडदा पांढरा. मला वाटलं, झालं. आता लोकांना कळलं.

आत्या, तेवढ्यात निवेदन करणाऱ्याने ध्वनिक्षेपक उचलला. म्हणाला, "स्वतःच्या सत्काराच्या दिवशी आपल्या बहिणीला जगासमोर आणणाऱ्या या भावाच्या मोठ्या मनाला सलाम!" आणि लोक उभे राहिले. बाबांसाठी! टाळ्या थांबेनात. बाबा एक क्षण गोंधळले, मग त्यांनी हात छातीवर ठेवला आणि मान झुकवली. पुष्पगुच्छ घेतला. तुझी उडी त्यांनी दुसऱ्यांदा घेतली, या वेळी मोठ्या मनाने. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. किळस म्हणजे काय हे मला आतापर्यंत नुसतं ऐकून माहीत होतं.

घरी येताना गाडीत बाबा एकच वाक्य बोलले. "टाच दोनदा आपटायची ती." पुष्पगुच्छ गाडीतच राहिलाय, मी काढणार नाही आणि तेही काढत नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुझ्या फोटोखालची ओळ मी खोडली आहे. तिथे काय लिहू? आणि तुकड्यात टोप काढल्यावर तू काहीतरी बोलतेस. आवाज नाही, पण ओठ तीनदा तसेच हलतात. एकदा टोपीवाल्याकडे बघून, एकदा गाद्या उचलणाऱ्या गादीवाल्याकडे, एकदा बाबांकडे. काय म्हणत होतीस?

भिंगरी

३० ऑगस्ट

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मी हसले, मग ताट बाजूला सारलं. उभं राहून टाळ्या! माणसं बदलली असं तुम्ही लोक सांगता. खुर्च्या मऊ झाल्यात एवढंच. दादाचा राग आला नाही, त्याचा मला वीट आला आहे आणि तो आता जाणार नाही. तू त्याच्याशी बोलणं टाकू नकोस. तो तुझा बाप आहे, पण मला त्याचा निरोप पोचवू नकोस.

आणि खरं सांगू? स्वतःचीही किळस येते. फोटो रोज बघते. पाय मोडलाय, आणि मी किटलीची तोटी सरळ धरली आहे, जणू आत चहा आहे आणि तो सांडता कामा नये. इतकं शहाण्यासारखं का वागले? फेकून मारायची होती.

फोटोखाली नाव लिहू नकोस, नाव आता कुणाला कशाला? 'उडी हिची' एवढं लिही. आणि त्या गादीवाल्याच्या खाली लिही की दवाखान्यात याने नेलं. तक्त्यात रकाना नसेल तर काढ.

ओठांचं विचारलंस. त्यात गुपित काही नाही. उडी मारणारा उठला की जवळच्याला विचारतो, "बरोबर आली का?" कारण पडताना स्वतःची उडी स्वतःला दिसत नाही. बघणाऱ्याने सांगायचं असतं, आली, किंवा नाही आली. कितीही भांडण असो, एवढं उत्तर द्यायचंच, अशी आमच्या कामाची रीत. मी तिघांना विचारलं. टोपीवाला शी म्हणाला. गादीवाला माझ्या पायाकडे बघत होता. दादाने टोप घेतला.

फिल्ममध्ये ती उडी मी कधी पाहिली नाही. आता डोळ्यांना लांबचं धड दिसतही नाही. तू चौकट-चौकट पाहिलीस म्हणतेस.

आत्या

३ सप्टेंबर

आत्या,

सकाळी लवकर जाऊन पुन्हा एकदा पाहिली, अंदाजाने उत्तर द्यायचं नव्हतं. 'उडी हिची' लिहून झालंय. गादीवाल्याचा रकानाही काढला.

बरोबर आली.

भिंगरी